मार्थाबाईंनी खुर्ची विकली

शिमोनगिरी हा शब्द कोशात मिळणार नाही. तो मार्थाबाई साळवे यांनी तयार केला आणि थेरगावात, डांगे चौकाच्या आतल्या गल्ल्यांमध्ये, काही वर्षं चालवला. या अर्थाचा इंग्रजी शब्द सायमनी. चर्चमधली पदं, म्हणजे पाळकाची किंवा बिशपची नेमणूक, पैसे घेऊन देणं किंवा पैसे देऊन मिळवणं. बाईंना इंग्रजी शब्द माहीत होता, पण आवडत नव्हता.

"बिस्किटाचं नाव वाटतं," त्या म्हणत. "शिवी वाटली पाहिजे."

म्हणून दादागिरी, गुंडगिरी यांच्या रांगेत त्यांनी शिमोनगिरीला बसवलं. शिमोन कोण, हे त्या चौथीच्या वर्गाला सांगावं तसं सांगत. शोमरोनात एक जादूगार होता. गावात त्याचं वजन होतं. तिथे प्रेषित आले, त्यांनी लोकांच्या डोक्यावर हात ठेवले आणि लोकांना पवित्र आत्मा मिळाला. शिमोननं ते पाहिलं आणि थैली काढली. हे मलाही द्या, किती घ्याल?

"प्रेषितानं त्याला असा झाडला," बाई सांगत, "की इतकी शतकं गेली, अजून त्याचं नाव धुऊन निघालेलं नाही."

मी त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते आणि एका दैनिकाच्या पिंपरी-चिंचवड आवृत्तीत काम करत होते. एकदा संध्याकाळी चहा घेताना मी त्यांना सांगितलं की एका सरकारी कचेरीतला कारकून दाखल्यासाठी पैसे घेताना सापडला. म्हणजे शिमोनगिरीच की. बाईंनी चष्मा काढला. त्या चष्मा काढत तेव्हा समोरच्याचं काहीतरी चुकलेलं असे.

"ती लाच. कारकून त्याची सही विकतो. वाईटच, पण सही निदान त्याच्या हातातली आहे. शिमोन जे घ्यायला गेला ते कोणाच्या बापाचं नव्हतं. सगळ्यांना फुकट मिळणारं होतं. जे विकताच येत नाही ते विकणं, ती शिमोनगिरी. बातमीत चुकीचा शब्द टाकू नकोस. पुढे!"

हे 'पुढे!' त्यांचं नेहमीचं होतं. प्राथमिक शाळेत शिकवत असताना फळ्यावरचं उदाहरण संपलं की त्या असं म्हणत. निवृत्तीनंतर भाजीवाल्याशी घासाघीस संपली, सुनेशी वाद संपला, प्रार्थना संपली, तरी 'पुढे!' यायचं. ते म्हटल्यानंतर त्या विषयावर त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसे.

त्या मूळच्या नगरकडच्या. चर्चला त्या देऊळ म्हणत, ही तिकडची जुनी रीत. भेटल्यावर "सलाम" म्हणत आणि समोरच्याने "हाय आँटी" म्हटलं तर पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "सलाम" म्हणत. बुटक्या, सावळ्या, पायात कायम कॅनव्हासचे बूट. गच्चीवर त्यांनी कंपन्यांच्या भंगारातले निळे पिंप अर्धे कापून आणले होते आणि त्यांत दुधीचे वेल सोडले होते. दुधी इतके लागत की गल्लीतले लोक त्यांना बघून रस्ता बदलत.

त्यांचे यजमान पिंपरीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतण्यापूर्वी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो. ते काम त्यांचं. मी राहायला जाण्याच्या बऱ्याच आधी ते वारले होते. त्यांच्या हातची एक वस्तू देवळात होती. पाळकाची खुर्ची. सागवानी, उंच पाठीची, पाठीवर साधा क्रूस कोरलेला. रविवारच्या रविवारी सुट्टीत बसून त्यांनी ती केली आणि मंडळीला दिली. मंडळी म्हणजे त्या चर्चचे सभासद. तीत एकही खिळा नाही, असं बाई सांगत. खुर्चीबद्दल त्या एवढंच सांगत.

वर्षातून एका दिवशी संपूर्ण मंडळी बाईंच्या ताब्यात असे. तो दिवस सुगीच्या सणाचा. गावाकडे या सणाला लोक शेतातलं पहिलं उत्पन्न देवळात आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. पैसे देवळाला जातात. थेरगावात कोणाला शेत होतं? लोक शिफ्टमध्ये काम करणारे, कोणी नर्स, कोणी ड्रायव्हर. पण रीत सुटली नव्हती. ते आपापलं उत्पन्न आणत. कंपनीने दिवाळीला दिलेला कुकर. ओव्हरटाइमच्या पैशातून घेतलेली भिंतीवरची घड्याळं. घरी केलेले केक. वाकडमधल्या आयटीवाल्या मुलीने आणलेली, वर कंपनीचं नाव छापलेली पाठपिशवी. आणि बाईंचे दुधी.

लिलाव बाईच पुकारत. माइक लागत नसे.

"हा कुकर. लाजरसच्या कंपनीचा. लाजरस, तुझ्या बायकोनं सोडला कसा हा? बोला!"

"पाचशे!"

"पाचशे कोण म्हटलं? मेंटेनन्सवाले? अरे राव, सुट्टीच्या दिवशी डबल घेता आणि देवाला हाफ डे? बोला!"

हशा, बोली, पुन्हा हशा. एक वार, दोन वार, तीन वार. त्यांचे दोन नियम होते. बाईंनी वस्तू टेबलावर ठेवली की गप्प बसायचं नाही. आणि ज्याची बोली लागली त्याने वस्तू उचलून घरी न्यायची. कोणी भिडेखातर "राहू द्या देवळातच, परत दान" म्हणालं तर त्या ती वस्तू लगेच दुसऱ्यांदा लिलावाला काढत. एका अंड्याची मी तीनदा विक्री पाहिली आहे. पुढे जे झालं ते याच नियमांमुळे झालं.

जुने पाळक निवृत्त झाले. बाईंचा मुलगा सुधीर पाळकपणाचं शिक्षण घेऊन चाकणमध्ये भाड्याच्या हॉलमध्ये एक लहान मंडळी सांभाळत होता. कंत्राटी कामगारांची, आज आहेत उद्या नाहीत अशी. थेरगावच्या जागेसाठी तो सर्वांत ज्येष्ठ होता. त्याची बायको रूथ वाकडच्या एका खाजगी इस्पितळात नर्स. थेरगावची नेमणूक म्हणजे दोघांची कामं जवळजवळ येणं, पाळकाचं घर मिळणं, चाकणच्या रस्त्यावरचं रोजचं ट्रॅफिक सुटणं. रूथने त्या घराच्या पडद्यांचं मापसुद्धा मनात घेतलं होतं.

मंडळीचे सेक्रेटरी पाटोळेसाहेब एका दुपारी बाईंकडे आले. पाटोळे हे चाकणमधले लेबर कॉन्ट्रॅक्टर. कंपन्यांना माणसं पुरवायची, हा धंदा. माणसाकडून कामाला लावण्याचे आधी घ्यायचे आणि नंतर पगारातून महिन्याचे, ही पद्धत. हे गुपित नव्हतं. त्या पट्ट्यात ते कोणी लपवत नाही. बाईंच्या मोबाइलवर काहीतरी अडकलं होतं म्हणून मी तेव्हा खालीच होते. मला पाहून पाटोळे थांबले नाहीत. यात थांबण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नसावं.

"बाई, आपला सुधीर म्हणजे घरचा. वरच्या लोकांनाही मान्य आहे. फक्त एक विकासनिधीचं बघावं लागेल."

"कुठला विकास?"

"ते असतं, बाई. प्रत्येक मोठ्या जागेला असतं. वरच्यांचं असतं, आमचं काही नाही."

आणि त्यांनी आकडा सांगितला. तो मी इथे देत नाही. बाईंना निवृत्त झाल्यावर जेवढा प्रॉव्हिडंट फंड मिळाला होता, जवळजवळ तेवढा तो होता. बाईंचा फंड किती हे पाटोळेंना माहीत होतं, कारण त्याचा दशांश बाईंनी देवळाला दिला होता आणि पावती पाटोळेंनीच फाडली होती. दशांशाला दहाने गुणायला फार शिक्षण लागत नाही.

बाईंनी चष्मा काढला.

"पाटोळे, तुम्ही माझ्या संडे स्कूलला होतात. शिमोनाची गोष्ट तुम्हाला कोणी शिकवली?"

"तुम्हीच, बाई." पाटोळे हसले. त्यांना खरंच राग आला नव्हता. "पण ती जुनी गोष्ट. आज पोरगा कंपनीत लावायचा तर द्यावेच लागतात ना? तुमच्या गल्लीत विचारा, कोण न देता लागलंय? मग पाळकाची नोकरी काय आभाळातून पडते?"

"हो," बाई म्हणाल्या. "तिथूनच पडते. निघा आता."

चहा आला होता. पाटोळेंनी तो पूर्ण प्यायला, बशी पालथी घातली, "सलाम, बाई" म्हटलं आणि गेले.

याची बातमी झाली नाही. कागद नव्हता. देणारा बोलणार नव्हता, घेणारा बोलणार नव्हता, आणि 'वरचे' म्हणजे नक्की कोण हे पाटोळेंनी त्या खोलीत सांगितलं नाही, बाहेर तर नाहीच. अशा व्यवहाराला कोणी अपराध समजत नाही तोवर त्याला साक्षीदारही मिळत नाही.

संध्याकाळी सुधीर आणि रूथ आले. सुधीर दाराशी उभा राहूनच म्हणाला, "आई, तू नाही म्हणालीस ते बरोबर आहे. मीही नाहीच म्हणालो असतो. पण हे रूथला तू सांग."

रूथ ड्यूटीवरून तशीच आली होती.

"आई, पैसे आहेत ना तुमच्याकडे?"

"आहेत."

"ते कोणासाठी आहेत?"

"तुमच्यासाठीच. उद्या घर घ्या, देते. पण पाळक विकत घ्यायला देणार नाही."

"पाळक विकत घेत नाही आपण. सुधीर पाळक आहेच. आपण फक्त त्याच्या वाटेतला धोंडा बाजूला काढतोय." ती एकेक शब्द तोडून बोलत होती. "तुम्ही नाही दिले तर दुसरं कोणी देईल. देऊळ तितकंच बाटेल. फरक एवढाच की आम्ही रस्त्यावर. तत्त्व तुमचं, आई, आणि वनवास आमचा."

मी बाईंना वादात 'पुढे!' न म्हणताना पाहिलं ते त्या एकाच वेळी. नंतर त्या उठल्या, रूथसाठी ताट वाढलं. रूथ जेवली नाही.

महिनाभरात नेमणुका जाहीर झाल्या. थेरगावला एक तरुण पाळक आले. त्यांच्या वडिलांनी कुठलासा फ्लॅट विकला, हे मंडळीत सगळे जण एकमेकांना सांगत होते आणि सांगताना आवाजही खाली करत नव्हते. सुधीरला नांदेडच्या पलीकडे, तेलंगणाच्या हद्दीजवळ, पत्र्याच्या शेडमधल्या मंडळीवर पाठवलं. रूथला नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. ती वाकडला एका मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली आणि सासूशी बोलणं तिने बंद केलं.

मग सुगीचा सण आला.

देऊळ भरलेलं होतं. उपासना झाली, लिलाव सुरू झाला. बाई नेहमीसारख्या होत्या; केक विकले, घड्याळं विकली, एका नवऱ्याला त्याच्याच बायकोविरुद्ध बोली लावायला लावली. नवे पाळक समोर खुर्चीवर बसून हसत होते. चेहरा चांगला होता त्यांचा. वडिलांनी विकलेला फ्लॅट त्यावर दिसत नव्हता.

"पाळकसाहेब," बाई म्हणाल्या, "जरा उठता?"

फोटो असेल असं वाटून ते उठले. बाईंनी लाजरसला खूण केली. लाजरस आणि आणखी एकाने ती खुर्ची उचलली आणि कुकरशेजारी टेबलावर ठेवली. अजून कोणाला काही कळलं नव्हतं.

"हा पुढचा माल," बाई म्हणाल्या. "पाळकाची खुर्ची. सागवान. एकदा विकून झालेली आहे, पण तेव्हा तुम्हाला कोणाला बोलावलं नव्हतं. आज उघड बोली. ज्याला पाळक व्हायचंय त्यानं बोलावं. शिक्षण लागत नाही, देवाचं बोलावणं लागत नाही. बोला!"

मी बाईंकडे पाहत होते. त्या वाट बघत होत्या. लोक माना खाली घालतील, एखादा उठून बोलेल, निदान कोणी बाहेर निघून जाईल. त्यासाठी त्यांनी नवऱ्याच्या हातची वस्तू टेबलावर चढवली होती.

जागेवर परतलेल्या लाजरसचा मागून आवाज आला. "एक हजार!"

हशा पिकला.

"दीड!" दुसऱ्या कोपऱ्यातून.

"दोन, राव! लाकूडच तेवढ्याचं आहे!"

त्यांना बाईंनीच शिकवलं होतं. वस्तू टेबलावर आली की गप्प बसायचं नाही. पैसे देवळाला जाणार होते, दिवस सणाचा होता, आणि बाई गंमत करत होत्या. बोली चढत गेली. बायका टाळ्या वाजवत होत्या. बाईंचा हात टेबलाच्या कडेवर होता. त्या बोली पुकारत नव्हत्या, बोली त्यांच्याशिवाय चालली होती. नवे पाळक उभे होते. त्यांना मात्र कळलं होतं. कुठे बघावं हे त्यांना सुचत नव्हतं.

दुसरा कळलेला माणूस म्हणजे पाटोळे. ते उठले आणि त्यांनी एकदम एवढी मोठी बोली लावली की बाकीचे थांबले. कडकडून टाळ्या झाल्या.

"एक वार," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "दोन वार. तीन वार. पाटोळेसाहेबांची. घेऊन जा."

"बाई, खुर्ची कुठे नेणार मी? देवळातच राहू द्या. माझ्याकडून परत दान."

"परत दिलीत तर परत बोली लागेल," बाई म्हणाल्या. "एक खुर्ची तुम्ही किती वेळा विकणार, पाटोळे?"

तेव्हा हसणं थांबलं. सगळ्यांचं एकदम नाही. पुढून मागे, ओळीओळीने. शेवटी पंख्यांचा आवाज राहिला.

"याला शिमोनगिरी म्हणतात," बाईंनी मंडळीला सांगितलं. "तुमच्यासमोर झाली, तुम्ही टाळ्या वाजवल्या. शब्द लक्षात ठेवा. पुढे!"

आणि त्यांनी कुकर उचलला. कुकरला बोली लागायला बराच वेळ गेला.

खुर्ची त्याच दुपारी पाटोळेंच्या टेम्पोतून गेली. पुढच्या रविवारपासून पाळक प्लास्टिकच्या खुर्चीवर बसू लागले. मंडळीच्या कमिटीने बाईंना लिलावातून काढलं, मग संडे स्कूलमधून. कारण लेखी दिलं नाही. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाटोळेंनी संदेश टाकला की आपल्या वयोवृद्ध भगिनी मार्थाबाई मानसिक तणावात आहेत, सर्वांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. त्याखाली हात जोडलेल्यांच्या ओळीच्या ओळी होत्या. यांतल्या कितीतरी जणांना बाईंनी अक्षरं शिकवली होती, आणि तीच अक्षरं वापरून त्यांनी 'आमेन' लिहिलं. एकानेही विचारलं नाही की तणाव कशाचा. कंपनीत लागायला देतो, फ्लॅटला देतो, शाळेला देतो, तर इथे दिले त्यात काय, असं मला चौघांनी समजावून सांगितलं. शांतपणे, समजुतीच्या सुरात. त्या सुराचा मला जितका संताप आला तितका पाटोळेंचाही कधी आला नाही.

काही महिन्यांनी कंत्राटी कामगारांवरच्या एका बातमीसाठी मी चाकणला पाटोळेंच्या ऑफिसात गेले. बाहेर पोरं उभी होती, हातात आधार कार्डाच्या झेरॉक्स. आत टेबलामागे ती खुर्ची होती. पाटोळे तिच्यात बसून एका पोराला सांगत होते, "आधी जमा कर, मग गेटपास." त्यांच्या डोक्यामागे क्रूस होता.

घरी आल्यावर मी हे बाईंना सांगितलं. त्या दुधी किसत होत्या.

"बसतो का तीत?"

"हो."

"डुगडुगते?"

"नाही."

"नाहीच डुगडुगणार," बाई म्हणाल्या आणि किसत राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी किसणी खाली ठेवली. "त्यांनी ती तशा माणसासाठी केली नव्हती ग." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. त्या वेळी चूक कोणाची होती, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर. पुढच्या सुगीचे दिवस होते. सुधीरच्या पत्र्याच्या देवळात लिलाव पुकारायला त्या चालल्या होत्या. सोबत गोणीत दुधी. तिथे लोक काय आणतात, मी विचारलं. "शेंगा, ज्वारी, कोंबड्या," त्या म्हणाल्या. "कोंबडी पुकारायची सवय राहिली नाही मला." त्यांना पोचवायला रूथ आली होती. न बोलता तिने गोणी वर चढवली, खिडकीची जागा धरली, पाण्याची बाटली मांडीवर ठेवली. उतरताना म्हणाली, "सुधीरला सांगा, मी येणार की नाही ते अजून ठरलेलं नाही."

"सांगते," बाई म्हणाल्या.

कंडक्टर आला. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास फुकट असतो. त्याआधी बाईमाणसाला अर्धं तिकीट.

"आजी, पंचाहत्तर झाली ना? फुकट जाल."

"नाही झाली. नाताळात होईल."

"अहो, कोण बघतंय? झाली म्हणा. लांबचा प्रवास आहे, पैसे वाचतील."

बाईंनी चष्मा काढला.

"मास्तर, तिकीट विकायलाच ठेवलंय ना तुम्ही?"

"हो."

"मग विका की. जे विकायचं ते विकताना तुम्ही लाजता, आणि नाही ते लोक टाळ्या घेऊन विकतात. घ्या पैसे."

कंडक्टरला काही कळलं नाही. त्याने मशीनमधून अर्धं तिकीट काढून दिलं आणि तिथेच उभा राहिला, अजून काही ऐकायचं बाकी असल्यासारखा.

"पुढे!" बाई म्हणाल्या.

आणि तो मुकाट्याने पुढच्या सीटकडे गेला.